बीड की जर्मल

हुमैद दोन ब्लॉक घेऊन आला,
पिकअपच्या हौद्यात, जुन्या घोंगडीवर शेजारी शेजारी.
बिडाचा उतरवायला चौघं लागलो.
जर्मलचा मी आणि गुलबाजनंच, बोलत बोलत.

शारजा, इंडस्ट्रियल सहा, जूनची दुपार.
शटर अर्ध्यावर, पंखा गरम हवा ढवळतोय.
'उस्ताद, टर्बो लावणार. बदायरची टेकडी
खालून वर, एका दमात. सांग, कुठला?'

मी बोटाच्या पेरानं दोन्ही वाजवून बघितले,
माठ घेताना वाजवतात तसे.
बीड नुसतं 'हं' म्हणालं.
जर्मल बराच वेळ बोलत राहिलं.

मग मोडक्या अरबीत, मोडक्या हिंदीत सांगितलं:
बीड जड. नाक जड झालेली गाडी
वाळूत नांगरासारखी रुतते.
पण बीड चूक पोटात घालतं.
बूस्ट जरा जास्त झाला, पाणी आटलं,
तरी घरी आणून सोडतं.
जर्मल हलकं. लवकर तापतं, लवकर निवतं,
पण एकदा बिनसलं की वाकडं होतं,
हेड आणि ब्लॉक मग
एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

बापाचं काही सांगितलं नाही.
बाप कोल्हापुरात, उद्यमनगरात मोल्डर.
काळी वाळू चाळायचा, साचा दाबायचा,
रात्री मोरीत खाकरायचा तेही काळंच.
ओतलेलं बीड लगेच मशिनवर घेऊ नये म्हणायचा,
टाकून द्यावं आवारात,
वर्षभर ऊनपाऊस खाऊ दे,
अंगातला ताण निघू दे.
जर्मल म्हणजे त्याच्या लेखी
आईचं चहाचं पातेलं, पोचे आलेलं.

मला इथं अकरा उन्हाळे झाले.

'तुझ्या गाडीत कुठला टाकशील?' हुमैदनं विचारलं.
गुलबाज हसला.
माझी सायकल दाराशी होती, सीटला पिशवी बांधलेली.
हुमैदही हसला, मग गप्प झाला.
बिडाच्या ब्लॉकवर हात ठेवून म्हणाला,
'हा माझ्या भावाच्या गाडीतला.
विकणार नाही. पण घालणारही नाही.'
हात तसाच ठेवला, उन्हानं तापलेल्या लोखंडावर.
मी काही विचारलं नाही.

तर जर्मल ठरलं.

बोरिंगला लावल्यावर कीस निघाला
चांदीच्या वेटोळ्यांचा, बाहीला चिकटणारा.
बिडाची नुसती भुकटी पडते, रुमाल काळा करणारी.
पण आत बिडाच्याच स्लीव्हा बसवायच्या होत्या,
एवढ्या बूस्टला पिस्टनची घासाघीस
जर्मलच्या भिंतीला झेपत नाही,
बाहेरून ते कितीही चकचकीत असो.

आठ स्लीव्हा रात्रभर शाजीच्या फ्रीजरमध्ये,
बांगड्यांच्या पिशवीखाली.
सकाळी तो ओरडला, माशाला ऑइलचा वास येतोय.
ब्लॉक भट्टीत, दीडशेवर.
बाहेर त्रेचाळीस, म्हणजे फारसा फरक नाही,
असं गुलबाज म्हणाला.

गारठलेली स्लीव्ह तापल्या भोकात
सर्रकन उतरते, ठोकावी लागत नाही.
एक क्षण मिळतो, तेवढ्यात ती सरळ हवी.
मग जर्मल निवत जातं आणि धरतं.
परत काढायची तर कापूनच.

सातवी जरा तिरकी गेली. घाम फुटला.
तळहातानं दाबली, हातमोज्यातून चटका बसला,
आणि बसली.
दुसऱ्या दिवशी गेज फिरवला, अर्ध्या थाऊचा फरक.
चालेल, म्हणालो. हुमैदला सांगितलंही.

स्लीव्हांच्या खोक्यावर लिहिलेलं असतं,
कुठल्या गावचं ओतकाम.
मी खोकी पालथीच टाकली.

भावाचा ब्लॉक आम्ही चौघांनी
मागच्या कुंपणाशी नेऊन ठेवला, वाळूवर.
हुमैद म्हणाला, वर ताडपत्री टाक.
मी म्हणालो, राहू दे उघडा.